परत बोलावलेल्या गाडीतली पाठवणी

माझ्या लग्नात सगळ्यात जास्त मानपान कोणाचा झाला असेल, तर तो माझ्या भावाच्या गाडीचा. नवरदेवाचाही तेवढा झाला नाही. नवरदेव ढाणकीचे, गणिताचे मास्तर. त्यांना एक कप बिनसाखरेचा चहा दिला की ते खूश. गाडीचं तसं नव्हतं. तिला सावली हवी, खड्डा नको, साधं पेट्रोल नको, धूळ तर मुळीच नको. आणि हे सगळे नखरे वणीत, जिथे सकाळी पुसलेली खिडकी दुपारी कोळशाने काळी होते.

भाऊ माझ्याहून लहान, वणीच्या कोर्टात वकील. आमच्या घरात पिढ्यानपिढ्या सगळे कचेरीतले. आजोबा कारकून, वडील कारकून, मी तहसिलीत कारकून. स्कूटरच्या पुढे घराण्यात कोणी गेलं नव्हतं. भावाचा एक अशील कोळशाच्या ट्रकांचा ठेकेदार होता. त्याने ही गाडी नागपुरात कुणाकडून जुनीच घेतली होती आणि वर्षभरात तिला विटला होता. भाऊ एकदा त्याच्याकडे सह्या घ्यायला गेला आणि गाडी घेऊनच परत आला. काळी, लांबलचक, आठ सिलिंडरची परदेशी गाडी. कंपनीचं नाव मी सांगणार नाही, कारण भावाचा तिच्यावर अजून जीव आहे.

"ताई, हे गाडी पाच सेकंदात शंभरावर जाते," तो मला म्हणाला.

"जात असन. पण शंभरावर जायले इथं रस्ता कुठी आहे?"

रस्ता खरंच नव्हता. राजूरकडे जा की चंद्रपूरकडे, पुढे ट्रक, मागे ट्रक, आणि मधोमध भाऊ, आठ सिलिंडर घेऊन पायी चालणाऱ्यांच्या बरोबरीने निघालेला. एकदाच, वरोऱ्याच्या पुढे मोकळा पट्टा मिळाला आणि त्याने पाय दाबला. माझी पाठ सीटला चिकटली, चष्मा नाकात रुतला आणि मला हसू फुटलं ते थांबेचना. चाळिशी ओलांडलेली बाई, जिच्या कपाळावरच्या आठीला तहसिलीतले शिपाई घाबरतात, ती मागच्या सीटवर पोट धरून हसत होती. त्या दिवसापासून मी गाडीच्या पक्षात गेले.

पक्षात आम्ही दोघंच होतो. गाडीत समोर पिवळे, लाल दिवे लागायचे. भाऊ प्रत्येक दिव्याचा अर्थ कंपनीच्या जाड पुस्तकात शोधायचा आणि अर्थ दर वेळी एकच निघायचा, की नागपूरला या. वणीत ट्रकांचे मिस्त्री एकाहून एक आहेत. त्यांच्यातल्या एकाने बोनेट उघडलं, आत पाहिलं आणि हळूच बंद केलं. "वकीलसाहेब, याच्यात हात घालायले जागाच नाही ठेवली," असं म्हणून त्याने चहा मागवला. सगळ्यात वाईट खोड होती ती हवेच्या फुग्यांची. या गाडीला साध्या स्प्रिंगा नव्हत्या. चारही चाकांशी रबराचे फुगे, त्यांत हवा, आणि त्या हवेवर गाडी उभी. फुगे झिरपायचे. संध्याकाळी ऐटीत उभी केलेली गाडी सकाळी पोट टेकवून बसलेली असायची, डबक्यातल्या म्हशीसारखी. मग नागपूरहून टोचनचा ट्रक यायचा, सपाट पाठीचा, अख्खी गाडी वर चढवून घेणारा. चौकातला चहावाला तो ट्रक दिसला की भावाला विचारायचा, "काय वकीलसाहेब, आज कोनाच्या खांद्यावर?" हळूहळू हा प्रश्न साऱ्या गावाने उचलला. कोर्टातले पट्टेवालेही विचारायला लागले.

आता माझं सांगते. माझं लग्न लवकर झालं नाही यामागे काही दुःखाची कहाणी नव्हती. वडील गेले, मी नोकरीला लागले, भावाचं शिक्षण झालं, आणि तोवर माझ्या तोंडाची कीर्ती गावभर पसरली होती. पण आमच्या गल्लीतल्या प्रत्येक लग्नात एक काम हक्काने माझ्याकडे यायचं, नवरीची गाडी सजवायचं. अगदी शाळेत होते तेव्हापासून. झेंडूच्या माळा बोनेटवर तिरप्या सोडायच्या, ड्रायव्हरची नजर अडेल असं काही लावायचं नाही, मागच्या काचेवर गुलाबाच्या पाकळ्या डकवायच्या. आधी मैत्रिणींच्या गाड्या सजवल्या, मग त्यांच्या धाकट्या बहिणींच्या, आणि मग चक्क मैत्रिणींच्या मुलींच्या. शेवटी नवरीला मागच्या सीटवर बसवायचं, तिचा पदर दारात अडकू नये म्हणून आत सारायचा आणि दार लावायचं. बाहेरून. ते दार लावताना दर वेळी मला आत कुठेतरी खुपायचं. सांगितलं कोणाला नाही.

मास्तर भेटले ते यवतमाळला, निवडणुकीच्या कामात. त्यांनी माझी बेरीज चुकीची ठरवली, मी त्यांचं अक्षर. दोघांचंही खरं होतं. ते विधुर होते, शांत होते आणि माझ्या आठीला घाबरत नव्हते. सगळं ठरलं तेव्हा भावाने मला विचारलं, "ताई, तुले काय पाहिजे ते माग."

"मले काही नको. तुझ्या गाडीत बसून जाईन. सजवलेल्या. मागच्या सीटवर. चौकातून."

त्याने वळून बाहेर पाहिलं. त्या क्षणी गाडी अंगणात पोटावर बसलेली होती. मग म्हणाला, "जाशीन. म्या सांगतो ना, जाशीन."

त्या वर्षी कापसाला भाव नव्हता. आदल्या वर्षीही नव्हता. विकायला नेलं तर जीव तुटायचा, म्हणून लोक कापूस घरातच ठेवायचे, आणि गावागावात एकेक खोली पांढरीशुभ्र भरलेली असायची. आमचं थोडं शेत बंजाऱ्यांच्या तांड्यावरचा एक जण बटईने, म्हणजे अर्ध्या वाट्याने करायचा; त्यालाही आम्ही भाऊच म्हणायचो. त्याच्या घराची टिनं गळत होती म्हणून त्याने आमच्या वाट्याबरोबर स्वतःचा वाटाही आमच्याकडेच आणून टाकला. सगळा कापूस गेला गाडीच्या शेडमध्ये. मधे गाडी, दोन्ही बाजूंना कापूस. आई तिथे दुपारभर बसून बोटांनी सरकी काढत असायची.

"कायले काढून राह्यली?" मी विचारायचे.

"वाती करून राह्यली."

"एवढ्या वाती कोणत्या देवाले?"

"देव लय आहेत," आई म्हणायची आणि मला कामाला पिटाळायची.

लग्न दोन दिवसांवर आलं आणि त्या ठेकेदाराचा फोन आला. कंपनीच्या दप्तरात गाडी अजून त्याच्याच नावावर होती, म्हणून कंपनीने त्याला कळवलं होतं. त्या वर्षीच्या सगळ्या गाड्या कंपनीने परत बोलावल्या होत्या. इंजिनाजवळच्या पेट्रोलच्या नळीचा सांधा कच्चा निघाला होता. तो झिरपला तर गाडीला आग लागू शकते. तेव्हा गाडी चालवू नका, छपराखाली ठेवू नका, कंपनीचा ट्रक येऊन घेऊन जाईल, सगळं फुकट.

भाऊ उलट खूशच झाला. "पाह्य ताई, कंपनी सोता न्यायले येऊन राह्यली. आहे का कोनाची अशी गाडी?"

"आग लागते म्हणून न्यायले येऊन राह्यली," मी म्हणाले. मग जरा आवाज चढवून आणखीही बरंच म्हणाले. ते सगळं इथे लिहिण्यासारखं नाही. मला माझी मागची सीट निघून जाताना दिसत होती, आणि राग आला की मला रडू येत नाही, बोलणं येतं.

आईने त्या सगळ्यातला एकच शब्द ऐकला, आग. कापसाच्या घरात हा शब्द कोणी उच्चारतसुद्धा नाही. तिने भावाला आणि तांड्यावरच्या भाऊला कामाला लावलं. नशिबाने त्या दिवशी फुगे भरलेले होते. दोघांनी गाडी ढकलत अंगणाच्या पार टोकाला नेली. तरी आईला कापसाला पेट्रोलचा वास येतच होता, म्हणून सगळा कापूस अंगणात चादरींवर पसरला. शेड रिकामं झालं. आणि लग्नघरात रिकामी जागा म्हणजे काय ते सगळ्यांना ठाऊक आहे. आचारी आला, त्याने शेड पाहिलं, तिथे भट्टी मांडली आणि पेटवलीसुद्धा.

संध्याकाळी आभाळ भरून आलं. माघातलं आभाळ, त्याचा कोणाला भरवसा. टपोरे थेंब पडायला लागले आणि सगळे चादरींची टोकं धरून धावले. धावून जायचं कुठे? शेडमध्ये भट्टी. घरात पाहुणे, त्यांच्या बॅगा, तांदळाची पोती. आई कापसाचं गाठोडं छातीशी धरून अंगणाच्या मधे उभी राहिली, इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि सरळ जाऊन गाडीचं मागचं दार उघडून गाठोडं आत कोंबलं. मग काय विचारता. दोन भाऊ, भावजय, मी, सगळेच कोंबायला लागलो. मागची सीट भरली, पुढची भरली, डिकी भरली. आचाऱ्याच्या आगीपासून वाचवायला म्हणून आम्ही घरातला सगळा कापूस त्या एका वस्तूत भरत होतो जी आगीच्या भीतीने कंपनीने परत मागवली होती. हे आमच्यातल्या एकाच्याही डोक्यात आलं नाही. आणि त्यात एक कचेरीत मुरलेली बाई होती, एक वकील होता.

तांड्यावरचा भाऊ ओला चिंब होऊन शेवटची मूठ दाराच्या फटीतून आत सारत म्हणाला, "बाई, आमचे आजे बैलाइच्या पाठीवर मीठ घेऊन मुलूख हिंडत. पण असा माल, अशा गाडीत, त्याइनंबी नसन भरला." त्यावर भावजय जी हसायला लागली ती चिखलातच बसली. मला इतका राग आला होता आणि इतकं हसू येत होतं की शेवटी हसूच जिंकलं.

सकाळी कंपनीचा ट्रक दारात. दारं उघडायला गेलो तर उघडेचनात. रात्रभर आतला दिवा जळत राहिला असावा. बॅटरी बसली, आणि या गाडीची कुलपंही विजेवर. ट्रकवाला म्हणाला, आज नेली नाही तर नंबर पुढच्या महिन्यात. झालं, गाडी कापसासकट ट्रकवर चढली. चारही काचा आतून पांढऱ्या. चौकात चहावाल्याने नेहमीचा प्रश्न विचारलाच नाही. तो म्हणाला, "वकीलसाहेब, जिनिंगचा कारखाना टाकला का?"

दुपारी नागपूरच्या वर्कशॉपमधून फोन आला. पलीकडचा माणूस फार सभ्य होता. "सर, गाडीत कापूस आहे," तो म्हणाला.

"हो," भाऊ म्हणाला.

"नाही, म्हणजे सगळीकडे आहे."

"वेचणीचा आहे. चांगला आहे," भावाने सांगितलं, जणू काही प्रश्न तोच होता.

गाडी रिकामी केल्याशिवाय ते हात लावायला तयार नव्हते. म्हणून लग्नाच्या आदल्या दिवशी, हळदीचं सगळं सोडून, भाऊ रिकामी पोती काखोटीला मारून एसटीने नागपूरला निघाला. मी दारात त्याला अडवलं. नवरीच्या भावाने नवरदेवाचा कान पिळायचा असतो, हे त्याला ठाऊक नव्हतं असं नाही.

"उद्या कान कोन पिळन?" मी विचारलं.

"मीच. गाडी घेऊनच येतो, ताई."

लग्न लागलं, पण भाऊ आला नव्हता. फोन लागत नव्हता. कान पिळायची वेळ झाली तेव्हा मावशीच्या एका नातवाला हौसेने पुढे ढकलण्यात आलं. मी म्हटलं, माझा भाऊ जिवंत आहे, कान तोच पिळेल. गुरुजींनी मास्तरांकडे पाहिलं. मास्तर शांतपणे म्हणाले, "थांबू ना. माझा कान कुठी पळून जात नाही." त्यांच्याशी लग्न केल्याचा पहिला आनंद मला तिथे झाला.

पंगती उठल्या. ढाणकीची मंडळी निघायची घाई करायला लागली, कारण रस्ता लांबचा. वळणावर टोचनचा ट्रक दिसला तेव्हा मी सगळ्यांच्या आधी उभी राहिले. ट्रकवर गाडी होती. भाऊ उतरला. केसांत कापूस, भुवयांत कापूस, डोळे तांबारलेले. नळी नवी बसली होती, तसा कंपनीचा कागदही मिळाला होता. पण कंपनीने परत बोलावलं होतं ते नळीसाठी, फुग्यांसाठी नाही. रस्त्यात चारही फुग्यांनी जीव सोडला होता. गाडी ट्रकवर पोट टेकवून बसली होती, आणि ओढून उतरवली तर पोट फाटलं असतं.

"ताई," भाऊ म्हणाला, "गाडी दुरुस्त झाली. पण उतरत नाही."

लहानपणी हातातून काही पडून फुटलं की त्याचा चेहरा असा व्हायचा. मला त्याच्यावर ओरडायचं होतं आणि मला रडायचंही होतं, आणि सगळं गाव बघत असल्यामुळे दोन्ही जमत नव्हतं. ढाणकीची जीप तयारच होती. कोणीतरी म्हणालं, चला आता, जीप काय वाईट आहे? वाईट नव्हती. मी चप्पल घालायला वाकले.

तेवढ्यात आई पुढे आली. तिने ट्रककडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं आणि माझ्याकडे पाहिलं. "ते उतरत नसन तं तू चढ," ती म्हणाली.

मंडपवाल्याची शिडी आली. आई घरात गेली आणि भावजयीच्या मदतीने एक मोठी टोपली घेऊन आली. टोपलीत कापसाची वस्त्रं होती. देवाला वाहतो ती, मण्यांसारखी वळलेली, कुंकवाचे ठिपके दिलेली. पण देवाच्या गळ्याएवढी नाहीत. एकेक माळ बोनेटच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पुरेल अशी. महिनाभर दुपारी ती हेच करत होती.

"तू तं वाती म्हणे," मी म्हणाले.

"वातीले एवढा कापूस लागते का वं? साऱ्या गावाच्या गाड्या तू सजवल्या. तुही कोन सजवन?"

ती पासष्टीची बाई पदर खोचून शिडीने ट्रकवर चढली आणि भावाच्या आणि तांड्यावरच्या भाऊच्या हातून माळा बांधून घ्यायला लागली. काळी गाडी, तिच्यावर पांढऱ्या माळा, लाल ठिपके. ज्या कापसाला बाजारात कोणी विचारत नव्हतं तो असा दिसत होता. एक माळ जरा सैल पडली. मी सवयीने शिडीवर दोन पायऱ्या चढून हात घातला, तर आईने माझ्या हातावर चापट मारली. "हात नको लावू. तू नवरी हायस."

मास्तर माझ्या आधी चढले. त्यांनी गाडीच्या चारही चाकांच्या साखळ्या ओढून पाहिल्या आणि ट्रकवाल्याला विचारलं, किती वेगाने नेणार. तो म्हणाला, माणसं चालतात तसा, चौकापर्यंत आणि पुढे नाक्यापर्यंत. मास्तरांचं समाधान झालं. वेगाची त्यांना आधीपासून भीती होती. तिथेच, ट्रकच्या पाठीवर, सगळ्या गावासमोर भावाने त्यांचा कान पिळला. मास्तरांनी डोकं वाकवून कान पुढे केला होता.

मग मी मागच्या सीटवर बसले. शिवणींतून अजून कापूस बाहेर येत होता आणि आत पेट्रोलचा नाही, शेताचा वास होता. भावाने माझा शालूचा पदर आत सारला, नीट, अडकणार नाही असा, आणि दार लावलं. आयुष्यभर मी तो आवाज बाहेरून ऐकला होता. त्या दिवशी आतून ऐकला. मऊ होता.

ट्रक चालायला लागला. गाडीत कसलीतरी घंटी टुणटुण वाजू लागली. शेजारी बसलेल्या मास्तरांनी पट्टा बांधला नव्हता, तो बांधल्यावर ती थांबली. चौकात मागेपुढे कोळशाचे ट्रक खोळंबले होते आणि त्यांच्या ड्रायव्हरांच्या केबिनी आमच्या बरोबरीला होत्या. ते हॉर्न वाजवायला लागले, सगळे एकदम. ट्रकवरच्या गाडीत माणसं न्यायला परवानगी नसते, पण हवालदाराने पाठ फिरवून रहदारी आवरायचं काम काढलं. खाली चहावाला दुकानातून बाहेर आला. काच उघडत नव्हती, आवाज येत नव्हता, पण त्याच्या ओठांवरून त्याने काय विचारलं ते मला कळलं, तेच नेहमीचं, "आज कोनाच्या खांद्यावर?" भाऊ ट्रकच्या शेजारून पायी चालत होता. त्याने त्याच्याकडे पाहिलं नाही. त्याने फक्त वर, माझ्याकडे बोट केलं.

नाक्यावर जीप उभी होती. शिडीने मी उतरले. भाऊ खाली उभा होता, हात धरायला.

"ताई," तो म्हणाला, "चालली तं नाही गाडी."

"मले कुठी चालवाची होती?" मी म्हणाले. "मले बसाचं होतं."

तेव्हा तो रडला. कोर्टात ज्याचा आवाज बाहेरच्या लिंबापर्यंत जातो तो माणूस यवतमाळच्या रस्त्यावर, ट्रकांच्या रांगेसमोर, मोठ्याने रडला. मी पदराने त्याचं तोंड पुसलं, तर पदरावरचा कापूस त्याच्या गालाला चिकटला. ढाणकीची मंडळी गोंधळून बघत होती, कारण पाठवणीला रडायचं असतं ते नवरीने. मी हसत होते.